दुसऱ्याचा कान

मनुष्याच्या सर्व अवयवांत कान हा अत्यंत निरुपद्रवी अवयव असून भाषेनें मात्र त्याचाच सर्वांत अधिक छळ मांडिला आहे. चूक झाली कीं कान उपटावयाचे, खोड जात नसली कीं कान पिळावयाचे, भांडण लावावयाचें असलें कीं कान भरावयाचे, आणि जबाबदारी टाळावयाची असली कीं कानांवर हात ठेवावयाचे! जन्मास येऊन बारा दिवस होतात न होतात तोंच सोनार तार घेऊन त्याला टोचावयास येतो. इतकें सोसूनहि ज्यानें कधीं तक्रार केली नाहीं, त्याच्यासाठीं एखादी वस्तु विकत घेतांना आपण थोडा विचार करावा, हें माणुसकीला धरून होईल. आम्हीं तो केला नाहीं. त्याचें प्रायश्चित्त आम्हांस मिळालें. पण त्याहून वाईट हें कीं, आमच्या आधीं तें आमच्या आक्काला मिळालें.

वस्तु अगदींच क्षुल्लक होती. कानांत खोवावयाचा, तारेवर बोलण्यासाठीं लहानसा माईक असलेला आणि खिशाला परवडणारा इयरफोन. वर्ध्याहून नागपूरला जाणाऱ्या गाडींत किंवा आर्वीच्या एस्. टी.मध्यें सहज नजर फिरवली तरी कितीतरी कानांतून ही तार लोंबतांना दिसते. ज्यांच्या आजोबांच्या कानांत भिकबाळी होती, त्यांच्या कानांत आतां ही रबराची कुडी आली आहे. फरक इतकाच कीं, भिकबाळी घातल्यानें शेजारच्या माणसाचें बोलणें ऐकूं येईनासें होत नसे. या दागिन्याची कुळकथाहि मोठी मौजेची आहे. अमेरिकेंतील युटा प्रांताच्या नॅथॅनिएल बाल्डविन नांवाच्या गृहस्थानें डोक्यावर घालावयाचा श्रवणयंत्राचा जोड आपल्या स्वयंपाकघरांत बसून हातानें बनविला आणि १९१० च्या सुमारास त्या देशाच्या आरमारानें तो पत्करला. १९७९ मध्यें जपानी वॉकमननें हें यंत्र घरांतून रस्त्यावर आणलें. आणि पुढें मोबाईल फोनचा जमाना आल्यावर त्याच्या तारेला माईक चिकटला. म्हणजे जें यंत्र केवळ कान होतें, त्याला तोंड फुटलें. ही घटना दिसते तितकी साधी नाहीं, हें कळण्यास आम्हांस मात्र बराच अवधि लागला.

आम्ही व्यवसायानें शिक्षक. तीस वर्षें आम्हीं आपला आवाज वर्गांतील शेवटच्या बाकापर्यंत पोंचविण्यांत घालविलीं. सबब, आपला आवाज दुसऱ्यास ऐकूं जात नसेल अशी शंका आमच्या मनास शिवण्याचें कांहींच कारण नव्हतें. सेवानिवृत्त झाल्यावर संध्याकाळीं फिरावयास जाण्याचा परिपाठ आम्हीं ठेविला आणि त्याच वेळीं आक्काशीं फोनवर बोलण्याचाहि. एका हातांत छत्री अगर पिशवी आणि दुसऱ्या हातानें फोन कानाशीं धरलेला, अशा स्थितींत दोनदां खड्ड्यांत पाय गेल्यावर घरांतून आम्हांस इयरफोन घेण्याची आज्ञा झाली. रेल्वेस्टेशनाच्या बाहेर एका फेरीवाल्याकडून दीडशें रुपयांत आम्हीं तो घेतला. घेण्यापूर्वीं परीक्षा केली नाहीं असें कोणी म्हणूं नये. फेरीवाल्यानें तार फोनला जोडून दिली, आम्हीं एक अभंग लावला, पखवाजाची थाप छातींत घुमली, आणि आम्ही प्रसन्न झालों. दीडशें रुपयांत एवढा पखवाज मिळत असतां आणखी काय पाहावयाचें?

आमची आक्का आर्वी तालुक्यांतील एका खेड्यांत राहते. आमच्याहून ती चौदा वर्षांनीं मोठी. आई लवकर गेल्यामुळें आमचा सांभाळ तिनेंच केला. आम्हांस पहिली बाराखडी तिनेंच शिकविली, आणि ‘स’ व ‘श’ यांतील भेद जिभेवर येईपर्यंत पाटीवरून उठूं दिलें नाहीं. असो. रोज संध्याकाळीं सातच्या सुमारास आम्ही फिरत फिरत तिला दिवसभराचा वृत्तांत सांगत असूं. ती ‘हं’ म्हणे. आम्ही पुढें सांगूं. ती पुन्हां ‘हं’ म्हणे. वृत्तांत संपला कीं, ‘बरं, जप,’ म्हणून ती फोन ठेवी. अशा रीतीनें सहा महिने गेले. आपली बहीण आपलें बोलणें किती एकाग्रतेनें ऐकते, या विचारानें आम्हांस धन्यता वाटत असे.

२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यांत आमच्या घरांतून पित्ताशयांतील खड्यांची शस्त्रक्रिया करावयाचें ठरलें. दिवस ठरला सोळा तारखेचा. आम्हीं त्याच संध्याकाळीं आक्काला तें कळविलें, आणि ‘तूं आलीस तर बरें होईल,’ असेंहि म्हटलें. आक्का ‘हं’ म्हणाली. सोळा तारीख आली. आक्का आली नाहीं. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, तिसऱ्या दिवशीं मंडळी घरीं आली, आणि आम्हीं मनांतल्या मनांत आक्काविषयीं राग धरून बसलों. संध्याकाळचे फोन त्या दिवसांत आम्हीं दोन वाक्यांवर आणिले होते. तिनें चौकशी केली नाहीं म्हणून आम्हींहि सांगितलें नाहीं.

त्या वर्षीं पोळा २ सप्टेंबरला होता. सकाळीं साडेनऊच्या सुमारास दारांत रिक्षा थांबली आणि तींतून आक्का उतरली. बाहेर बैलांच्या शिंगांना रंग देऊन झाला होता, गळ्यांतल्या घुंगुरमाळा वाजत होत्या. आणि हिच्या एका हातांत कपड्यांची पिशवी व दुसऱ्या हातांत जुन्या तांदुळाची, मुगाच्या डाळीची आणि घरच्या तुपाची पिशवी. रुग्णाच्या पथ्याचें सारें सामान तिनें बरोबर घेतलें होतें. दारांतूनच ती म्हणाली, “किती वाजता नेणार आहेत तिला? सणाचा दिवस कशाला निवडला म्हणून मला नवलच वाटून राहिलं होतं. पण म्हटलं, डॉक्टरांची सोय असेल.” आणि समोर पाहते तों आमचें कुटुंब स्वयंपाकघरांतून पुरणाचें पातेलें घेऊन बाहेर येत होतें.

आम्हीं ‘सोळा’ म्हटलें होतें. आक्काला ‘पोळा’ ऐकूं आला होता.

त्या दिवशीं पुरणपोळी कोणाच्याच घशाखालीं नीट उतरली नाहीं. जेवणें झाल्यावर आक्कानें आम्हांस बाजूला घेतलें आणि अपराध कबूल करावा तशा स्वरांत सांगितलें, “मला आताशा ऐकू कमी येतं रे. तुझं बोलणं अर्धंमुर्धं कळतं. पहिले पहिले ‘काय?’ म्हणून विचारत होते. पण दोनदा विचारलं की तुझा आवाज चढतो. मग वाटलं, बिचारा चालून चालून दमला असेल, कशाला त्याला त्रास? म्हणून ‘हं’ म्हणते.” सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईनें आपलें बहिरेपण परस्पर मान्य करून टाकलें होतें, आणि तें आमच्यापासून लपविण्याची जबाबदारीहि स्वतःकडे घेतली होती.

दोनच दिवसांनीं आम्हीं तिला एका मोठ्या रुग्णालयांत कानांच्या तपासणीसाठीं नेलें. ही तपासणी पाहण्यासारखी असते. एका निःशब्द खोलींत रुग्णाला बसवितात, त्याच्या कानांवर हेडफोन चढवितात, आणि निरनिराळ्या पट्टींतील सूर अगदीं बारीक आवाजापासून ऐकवितात. सूर ऐकूं आला कीं रुग्णानें खुणेची कळ दाबावयाची. आक्का परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ताठ बसून कळ दाबीत होती. निकाल आला तो असा कीं, वरच्या पट्टींत वयोमानानें थोडी घट आहे, पण बोलणें ऐकण्याला तिचे कान उत्तम आहेत. तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, पण चतुर होत्या. त्यांनीं विचारलें, “आजी, कोणाचं बोलणं कळत नाही?” आक्का म्हणाली, “भावाचं.” “आणि अमरावतीच्या मुलीचं?” “तिचं स्वच्छ कळतं.” बाईंनीं एकदां आमच्या गळ्यांत लोंबणाऱ्या तारेकडे पाहिलें आणि म्हटलें, “मग कान यांचे नका तपासू. तुमच्या गळ्यातलं ते तपासा.”

कान सोनारानेंच टोचावे म्हणतात तें उगीच नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं फोनमधील ध्वनिमुद्रणाची सोय चालू केली, इयरफोनच्या माईकमध्यें नेहमींप्रमाणें बोललों, आणि मग तें ऐकलें. आमच्या आयुष्यांत इतकें अपमानकारक भाषण आम्हीं ऐकलें नव्हतें. धान्याच्या कणगींत एखादा माणूस अडकून पडला आहे व आंतून मदत मागत आहे, असा तो आवाज होता. आम्हीं मुद्दाम ‘सोळा, पोळा, गोळा, डोळा, तोळा’ असे पांच शब्द उच्चारून पाहिले. पांचांतून बाहेर आला तो एकच शब्द: ‘ओळा’. पोळा पुढें येऊं घातला असतां शेतकऱ्याच्या घरांतील बाईला ‘ओळा’ ऐकूं आल्यास ती त्याचा पोळा नाहीं करणार तर काय करणार?

याचें कारण फार गहन नाहीं. बोलण्यांतील स्वर हे खालच्या व मधल्या पट्टींतले असतात आणि त्यांत जोर पुष्कळ असतो. म्हणून ते कोठूनहि वाट काढतात. पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ यांसारख्या व्यंजनांची फूत्कारासारखी जी खूण असते ती वरच्या पट्टींतील आणि दुबळी असते. बोलण्याचा आवाज स्वरांमुळें पोंचतो. अर्थ पोंचतो तो बव्हंशीं व्यंजनांमुळें. या तारांवरील माईकमध्यें कायमचा विद्युद्भार धारण करणारा एक अतिसूक्ष्म पडदा असतो. बेल प्रयोगशाळेंतील गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनीं १९६२ मध्यें अशा माईकची युक्ति काढली, आणि ती इतकी स्वस्त व टिकाऊ ठरली कीं पुढें फोनांत, संगणकांत आणि अशा तारांत तीच सर्वत्र वापरली गेली. म्हणजे दोष युक्तीचा नव्हता. आमच्या माईकचें टांचणीच्या टोंकाएवढें छिद्र घामानें आणि धुळीनें बुजलें होतें. तें तोंडापासून वीतभर खालीं, सदऱ्याच्या गळपट्टीखालीं जाऊन बसत असे. आणि चालतांना कापड त्याच्यावर घासत असे. वर्ध्याच्या उन्हाळ्यांत सहा महिने आम्हीं तो गळ्यांत बाळगला, आणि एकदांहि तो पुसला नाहीं. आमच्या कानाला मात्र पखवाज अखेरपर्यंत उत्तम ऐकूं येत होता.

येथपर्यंतचा दोष यंत्रावर ढकलतां येतो, व आम्हींहि तो एकदोन दिवस ढकलला. पण एक प्रश्न राहून राहून मनांत येऊं लागला. आक्काचा आवाज तर आमच्याकडे स्पष्ट येत होता. त्यांत कांहींच बिघाड नव्हता. मग सहा महिने ही बाई ‘हं’ याखेरीज कांहींच बोलत नाहीं, हें आमच्या लक्षांत कसें आलें नाहीं? जी एरवीं भाजींत मीठ किती घातलें येथपासून चौकशी करणारी, तिनें प्रश्न विचारणें सोडून दिलें, आणि आम्हीं त्याला एकाग्रता म्हटलें. तिला ऐकूं येत नव्हतें तें कळण्यासारखें कारण होतें. आम्हांला ऐकूं येत असून ऐकलें नाहीं, त्याला काय म्हणावें?

परत जाण्यापूर्वीं आक्काला सेवाग्राम पाहावयाचें होतें. वर्ध्यापासून तें आठेक किलोमीटरांवर आहे. पण जवळ आहे म्हणूनच आम्ही वर्ध्याचे लोक तेथें पाहुणे आल्याशिवाय जात नाहीं. गांधीजी १९३६ मध्यें तेथें राहावयास आले तेव्हां त्या खेड्याचें नांव शेगांव होतें. १९४० मध्यें तें सेवाग्राम झालें. कुटीची सारवलेली जमीन, बसण्याची चटई, कोनाड्यांतील मोजक्या वस्तु, हें सारें पाहतां पाहतां आक्का तीन माकडांच्या लहानशा मूर्तीपाशीं थांबली. तिच्यांतील एकानें कानांवर हात ठेविले आहेत. वाईट ऐकूं नये, असा त्याचा अर्थ आम्हीं कित्येक वर्षें मुलांना सांगत आलों. त्या दिवशीं मात्र तें माकड आमच्याकडे ओळखीच्या नजरेनें पाहत असल्याचा आम्हांस भास झाला.

आश्रमांत एक जुना दूरध्वनीहि जपून ठेविला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं गांधीजींशीं थेट बोलतां यावें म्हणून तो बसविला, असें सांगतात. आक्कानें तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलें, “दिल्लीच्या साहेबाला इथलं बोलणं नीट ऐकू जात असेल का रे?” कोणी हंसेल, पण आम्हांस तिचा प्रश्न नेमका वाटला. इतिहास लिहिणारे कोण काय बोललें तें लिहितात. पलीकडे तें कितपत पोंचलें याचा विचार करणारी आक्काच. त्या काळच्या दूरध्वनींत कोळशाच्या कणांचा माईक असे आणि बोलणाऱ्याला आपलें तोंड त्याच्याजवळ न्यावें लागे. ती गैरसोय होती. पण आपण दुसऱ्याच्या कानाशीं बोलत आहों याची आठवण ती देत असे. आतां हात मोकळे झाले, पाय मोकळे झाले, तोंडहि मोकळें झालें, आणि ती आठवण तेवढी सुटली. गांधीजी सोमवारीं मौन पाळीत आणि जरूर तें चिठ्ठीवर लिहून देत. आठवड्यांतून एक दिवस केवळ दुसऱ्याचें ऐकावयाचें, ही कल्पना आमच्यासारख्या शिक्षकाला भीतिदायक वाटते. पण सहा महिन्यांतून एखादा सोमवार जरी आम्हीं पाळला असता, तरी आक्काचें ‘हं’ आमच्या कानांवर पडलें असतें.

आक्का गांवीं परतल्यावर आम्ही दुसऱ्या खरेदीस निघालों. या वेळीं बेत पक्का होता. दुकान मुख्य रस्त्यावरचें, म्हणजे मोटारींचे भोंगे फुकट. दुकानदार तरुण, हंसतमुख. आम्हांस पाहतांच तो म्हणाला, “या काकाजी. बास पाहिजे का? हा घ्या, एकदम दणकेबाज.” आम्हीं म्हटलें, “बास नको. आमच्या बहिणीला आमचें बोलणें ऐकूं गेलें पाहिजे.” त्यानें आमच्याकडे असें पाहिलें कीं, चष्म्याच्या दुकानांत जाऊन ‘आम्ही इतरांना सुंदर दिसलों पाहिजे’ असें कोणीं म्हटलें असावें.

त्यानें मांडलेल्या डब्या आम्हीं एकामागून एक वाचल्या. पडद्याचा व्यास इतके मिलिमीटर, रोध सोळा किंवा बत्तीस ओहम, आवाजाची मर्यादा वीस ते वीस हजार हर्ट्‌झ, असें सविस्तर वर्णन प्रत्येकीवर होतें. वीस ते वीस हजार ही तर निरोगी तरुण कानाचीच मर्यादा. ती स्वस्त डबीवरहि असते आणि महाग डबीवरहि, तेव्हां तिच्यावरून निवड होत नाहीं. माईकविषयीं मात्र बहुतेक डब्यांवर एकच शब्द होता: ‘आहे’. आपल्या कानांत काय येईल यासाठीं दहा ओळी, आणि दुसऱ्याच्या कानांत काय जाईल यासाठीं एक शब्द! गिऱ्हाईक काय विचारतें, तेंच कारखानदार छापतो. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं.

दुकानदार हळूहळू खुलला, आणि त्याच्याकडून कांहीं उपयुक्त माहितीहि मिळाली. तारेच्या टोंकाच्या दांडीवर काळीं वेढणीं मोजावीं. दोन असतील तर ती केवळ ऐकण्याची. तीन असतील तर चार भाग झाले, आणि चौथा माईकचा. अगदीं जुन्या कांहीं फोनांत शेवटच्या दोन भागांची अदलाबदल असे, म्हणून एका फोनवर मुका असलेला माईक दुसऱ्यावर बोलूं लागतो. हल्लींच्या पुष्कळ फोनांना तें गोल छिद्रच उरलेलें नाहीं; त्यांना टाइप-सीची तार पाहावी. दांडीपाशीं तार दुमडून तुटते, तेव्हां तेथें ती जाड व लवचिक आहे कीं नाहीं हें बोटानें चांचपावें. आणि डबींत रबराच्या टोप्यांचे तीन जोड असतात ते फेंकून देऊं नयेत. टोपी कानांत घट्ट बसली नाहीं कीं खालचे सूर निसटतात, बाहेरचा गलबला आंत येतो, आणि माणूस आवाज वाढवीत सुटतो. डाव्या व उजव्या कानाचें माप सारखेंच असतें असेंहि नाहीं.

परीक्षा अशी ठरली. मोहोर फोडलेली डबी परत घेत नाहींत, म्हणून दुकानदारानें दाखविण्यासाठीं ठेवलेले तीन नग काढून दिले. आम्हीं दुकानाच्या पायरीवर उभे राहून आक्काला फोन लावला व तिला सांगितलें कीं, आम्ही पांच शब्द बोलूं, ते तिनें परत म्हणावे. शब्द अर्थातच तेच. फक्त क्रम दर वेळीं बदलावयाचा.

पहिला नग अडीचशें रुपयांचा. आक्कानें तीन शब्द बरोबर सांगितले. चौथ्याला एक ट्रक गेला, आणि ‘गोळा’चा पुन्हां पोळा झाला. दुसरा बिनतारी, बाराशें रुपयांचा, दिसावयास सर्वांत देखणा. त्यांतील गाणें ऐकून आम्हांसहि मोह झाला. पण आक्का म्हणाली, “तू विहिरीत उतरून बोलून राहिला का?” याचा उलगडा दुकानदारानेंच केला. बिनतारी कुडीचा माईक कानापाशीं असतो, तोंड त्यापासून चार बोटें दूर. रस्त्याचा गोंगाट आणि माणसाचा आवाज दोन्ही त्यांत एकदम शिरतात. यंत्र गोंगाट गाळूं पाहतें आणि त्याबरोबर कधीं कधीं आवाजहि गाळून टाकतें. बंद खोलींत तीच वस्तु चांगली चालेल, हेंहि त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें. शिवाय तिच्या पोटांत घुंगुराएवढी बॅटरी. ती दमली कीं आवाजच संपला. तिसरा नग तारेचा, साडेचारशें रुपयांचा. त्याचा माईक तारेवर हनुवटीजवळ येत होता, आणि गळपट्टीला अडकविण्यासाठीं चिमटा होता, त्यामुळें तो कापडाखालीं घसरत नव्हता. आम्हीं शब्द उच्चारले. क्षणभर पलीकडे शांतता होती. मग आक्कानें पाटीवरचा पाढा म्हणावा तसे पांचहि शब्द परत केले: “डोळा, सोळा, तोळा, पोळा, गोळा.” आणि लगेच: “अरे, सकाळपासून तुला सर्दी झाली आहे, आणि तू रस्त्यावर उभा राहून काय बोलून राहिला?”

दुकानदार म्हणाला, “काकाजी, पास झालात.” आम्हीं पैसे दिले. त्यानें पावतीवर शिक्का मारून वर्षभराची हमी लिहून दिली, आणि आम्ही पायऱ्या उतरलों तों पुढच्या गिऱ्हाइकाला तो सांगत होता, “बास मागाहून पाहा भाऊ. आधी घरी फोन लावा.”

ही विद्या घरांत लगेच उपयोगी पडली. आमचे चिरंजीव रोज नागपूरला नोकरीस जातात व गाडींत गाणीं ऐकतात. डब्याच्या खडखडाटावर मात करण्यासाठीं ते आवाज चढवितात, तो शेजारच्यालाहि ऐकूं येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबल आवाज आठवड्यांतून ४० तासांपर्यंत सोसतो. ९० डेसिबल असेल तर ही मर्यादा ४ तासांवर येते. दहा आंकडे चढले आणि तास एकदशांश झाले, हें गणित कोणाहि विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आणि कानाच्या आंतील ज्या सूक्ष्म रोमपेशी यांत मरतात, त्या माणसाला पुन्हां येत नाहींत. आम्हीं त्यांना उपदेश केला नाहीं. योग्य मापाच्या टोप्या बसवून दिल्या. बाहेरचा खडखडाट कमी झाला तसा आंतला आवाज त्यांनीं आपण होऊनच उतरविला. आमच्या उपदेशाचें काय झालें असतें याची कल्पना आम्हांस आहे. या कानानें घेऊन त्या कानानें सोडण्याची कला त्यांनीं आमच्याकडूनच घेतली आहे.

आतां रविवारीं सकाळीं ओल्या न केलेल्या मऊ ब्रशानें आम्हीं माईकचें छिद्र झाडतों, आणि महिन्यांतून एकदां स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकतों. हें दुसरें काम प्रत्येकानें करून पाहावें. त्यास खर्च नाहीं, वेळ दोन मिनिटें, आणि आपण दुसऱ्याच्या कानांत काय ओततों याचें जें ज्ञान त्यापासून होतें, तें इतर कोणत्याहि मार्गानें इतक्या स्वस्तांत होणार नाहीं.

संध्याकाळचा फोन चालूच आहे. पण त्याचें स्वरूप पालटलें आहे. पूर्वीं आम्ही बोलत असूं आणि आक्का ‘हं’ म्हणत असे. आतां तिला सारें ऐकूं येतें, त्यामुळें तिला सारें विचारावयाचेंहि असतें. चहांत साखर किती घेतलीस, डोळे तपासलेस कां, सुनेशीं नीट बोललास कां, आणि मागच्या मंगळवारीं जें म्हणाला होतास त्याचें पुढें काय झालें. आमचा वृत्तांत पांच मिनिटांत आटोपतो आणि उरलेला अर्धा तास आम्ही चालत असतों, ती बोलत असते. परवां फाटकाशीं येऊन पोंचलों तरी तिचें संपलें नव्हतें. घरांतून विचारणा झाली, “काय म्हणतात आक्का?” आम्हीं हातानेंच थांबण्याची खूण केली, आणि तारेवरचा माईक तोंडाजवळ नेऊन म्हणालों, “हं.”

“नुसतं हं काय?” पलीकडून आवाज आला. “मी काय म्हणाले, सांग पाहू.”